मलम कोणते, हा पुढचा प्रश्न

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे वय ४६ आहे. ऐन तारुण्यात ज्या चेहऱ्यावर एक पुटकुळी उठली नाही, त्याच चेहऱ्यावर गेल्या पाच महिन्यांपासून एकाएकी फोड येऊ लागले आहेत. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने आतून ठणकणाऱ्या गाठी येतात, आणि अलीकडे तोंडाभोवती बारीक, लालसर, चुरचुरणारे पुरळ उठले आहे. नणंदेने दिलेल्या एका मलमाने तीन दिवसांत चेहरा स्वच्छ झाला, परंतु मलम थांबवताच आठवडाभरात पुरळ आधीपेक्षा जोराने परतले. असे आतापर्यंत चार वेळा घडले आहे. त्या दिवसातून पाच वेळा चेहरा धुतात आणि सध्या सात वेगवेगळी प्रसाधने वापरतात. आपण कोणतेही औषध घेत नाही, असे त्या लिहितात. पुढे एका ठिकाणी मात्र थकव्यासाठी बी-१२ची इंजेक्शने झाली आणि आता गोळ्या चालू आहेत, असा उल्लेख येतो. पाळी कधी २४ दिवसांनी येते, कधी ५० दिवसांनी. पुढच्या महिन्यापासून कामाच्या ठिकाणी त्यांच्यावर नवी जबाबदारी येणार असून रोज लोकांसमोर उभे राहून बोलावे लागणार आहे. तोपर्यंत ते मलम चालू ठेवावे, की वयाचा भाग समजून गप्प बसावे, हा त्यांचा प्रश्न आहे. तज्ज्ञांकडे जाण्याचा विचार मनात येतो, पण "या वयात चेहऱ्याचे एवढे काय" असे घरचे म्हणतात, आणि त्यांना स्वतःलाही थोडे लाजिरवाणे वाटते.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही स्वतःच, जाता जाता, दोन-तीन वाक्यांत लिहून ठेवले आहे. फक्त त्या वाक्यांकडे तुमचे लक्ष गेलेले नाही, कारण तुमचे सगळे लक्ष "कोणते मलम" या प्रश्नाकडे आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करण्याचा अधिकार मला नाही. मात्र तज्ज्ञांसमोर बसण्याआधी काय पाहून ठेवावे, काय ताबडतोब थांबवावे आणि कशाची घाई करू नये, एवढे मी निश्चित सांगू शकते.

पेन्सिलीची पहिली खूण "एकाएकी" या शब्दावर आहे. मुरूम वर दिसतो, त्याच्या कितीतरी आधी तो आत तयार होऊ लागलेला असतो. केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक नळीत मृत पेशी आणि तैलग्रंथीतून झरणारे तेल अडकून डोळ्यांना न दिसणारी गुठळी बनते. तिथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे, एरवी आपल्या सर्वांच्या त्वचेवर गुण्यागोविंदाने राहणारे जंतू वाढतात. शरीर त्यांच्याविरुद्ध उभे राहते आणि मग ती जागा लाल होऊन सुजते. या साऱ्याला काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. म्हणून आज हनुवटीवर उठलेल्या गाठीचा गुन्हेगार काल रात्रीच्या ताटात शोधण्यात अर्थ नसतो. याउलट, जे खरोखरच दोन-चार दिवसांत उसळते ते बहुधा वेगळेच काही असते, उदाहरणार्थ एखाद्या औषधाचा परिणाम, एखाद्या प्रसाधनाची ॲलर्जी किंवा जंतुसंसर्ग. तुमच्या पत्रात या दोन्ही चाली दिसतात. हनुवटीच्या गाठी पाच महिन्यांत हळूहळू वाढत गेल्या आहेत, आणि तोंडाभोवतीचे पुरळ अलीकडचे आहे, मलमाच्या नंतरचे. तुम्ही दोन्हींना एकच नाव दिले आहे. मला ती दोन वेगळी दुखणी असण्याची शक्यता अधिक वाटते.

आधी गाठींविषयी. "तारुण्यात आले नाहीत, ते आता कसे येतील" असे तुम्ही विचारता. मुरमांना तारुण्यपीटिका हे नाव देऊन आपल्या भाषेने आपला थोडा गैरसमजच करून दिला आहे. अमेरिकेत एक हजाराहून अधिक प्रौढांना विचारून केलेली एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत चाळिशीतल्या सुमारे २६ टक्के आणि पन्नाशीच्या पुढच्या सुमारे १५ टक्के स्त्रियांनी आपल्याला मुरूम येत असल्याचे सांगितले होते. पुरुषांचे प्रमाण दोन्ही गटांत याच्या निम्मे किंवा त्याहून कमी होते. म्हणजे तुम्ही एकट्या नाही, आणि तुमच्या हातून काही चूक घडली म्हणून हे झाले असेही नाही.

रजोनिवृत्ती साधारणपणे ४५ ते ५५ या वयात येते, पण तिच्या आधीची काही वर्षे संप्रेरकांचा तोल हेलकावे खात असतो. तुमची २४ आणि ५० दिवसांची पाळी हेच सांगते. या काळात इस्ट्रोजेन चढउतार करत कमी होत जाते, आणि स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असणारी पुरुषी संप्रेरके, म्हणजे अँड्रोजेन, त्या वेगाने कमी होत नाहीत. शिवाय त्यांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिनही घटते, त्यामुळे मोकळ्या अँड्रोजेनचा प्रभाव तुलनेने वाढतो. चेहऱ्याच्या खालच्या भागातील तैलग्रंथी या प्रभावाला लवकर प्रतिसाद देतात. हनुवटी, जबड्याची कड आणि मानेचा वरचा भाग याच जागा या वयातल्या मुरमांच्या लाडक्या का असतात, याचे हे एक कारण आहे. रक्ताच्या तपासण्यांत सगळे आकडे सामान्य येऊनही असे मुरूम येऊ शकतात, त्यामुळे "रिपोर्ट तर चांगला आहे, मग हे काय" असे कोणी म्हटले तर गोंधळून जाऊ नका.

काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. हनुवटीवर किंवा ओठांवर अचानक राठ केस वाढू लागणे, आवाज घोगरा होणे, डोक्यावरचे केस कपाळाच्या कोपऱ्यांतून व माथ्यावरून झपाट्याने विरळ होणे, चेहरा गोलसर फुगून अंगावर सहज काळेनिळे डाग पडणे, यांपैकी काही दिसत असेल तर संप्रेरकांची तपासणी लांबणीवर टाकू नये. तुमच्या पत्रात यातले काही नाही; मी हे इतर वाचकांसाठीही लिहीत आहे.

आता एक काम करा. सकाळी खिडकीशी बसा, चेहऱ्यावर काहीही लावलेले नसताना, साध्या आरशात पाहा. मोठे करून दाखवणारा आरसा नको. त्याच्यात देवाचाही चेहरा खडबडीत दिसेल. हनुवटीच्या गाठींच्या आसपास काळे ठिपके किंवा त्वचेखाली पांढरे दाणे, म्हणजे ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड, आहेत का ते शोधा. ते असतील तर हे मुरूम असण्याची शक्यता बळावते. मग नजर तोंडाभोवती न्या. तिथे पुरळ एकसारखे, बारीक, किंचित खपलीचे असेल, आणि ओठांच्या कडेला लागून असलेली अरुंद पट्टी मात्र स्वच्छ असेल, तर तो तोंडाभोवतीचा एक विशिष्ट त्वचादाह असू शकतो. चेहऱ्यावर स्टेरॉईडयुक्त मलमे लावणाऱ्यांत हा दाह वारंवार दिसतो, आणि मुरमांची औषधे त्यावर चोळली तर तो आणखी खवळतो. गाल आणि नाकावर लाली, ऊन, गरम पेय किंवा मनस्ताप यांनी चेहरा तापणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, अशी लक्षणे असतील तर रोझेशिया या त्वचाविकाराचा विचार करावा लागतो. तो बहुतेकदा ३० ते ५० या वयात सुरू होतो, त्यात ब्लॅकहेड नसतात, आणि सावळ्या त्वचेवर त्याची लाली चटकन दिसत नसल्यामुळे निदान वर्षानुवर्षे राहून जाते. कपाळावर व केसांच्या कडेने एकसारखे, खाजणारे दाणे असतील आणि आधी अँटिबायोटिकच्या गोळ्या झालेल्या असतील, तर केसांच्या मुळांशी वाढलेली यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, हे कारण निघू शकते, आणि तिथे अँटिबायोटिकने उलट भर पडते. केस रंगवल्यानंतर दोन दिवसांनी कानांमागे, पापण्यांवर आणि केसांच्या कडेने खाज सुटली, तर संशयित कोण हे वेगळे सांगायला नको.

इतकी नावे घाबरवण्यासाठी सांगितलेली नाहीत. दिसायला सारख्या असलेल्या या पाच-सहा गोष्टींचे उपचार एकमेकांच्या विरोधात जाणारे आहेत, आणि म्हणूनच नणंदेला, मैत्रिणीला किंवा मला लागू पडलेले मलम तुमच्या चेहऱ्यासाठी काहीच सिद्ध करत नाही. मी स्वतः एकदा कपाळावरच्या पुटकुळ्यांसाठी दोन फेसवॉश बदलले, उशीची खोळ रोज धुतली, गोड सोडले. शेवटी कारण निघाले केस बसवण्यासाठी नव्याने आणलेले क्रीम, जे झोपेत कपाळावर उतरत होते. अडीच महिने मी ज्याच्यावर खापर फोडत होते, त्या बिचाऱ्या उशीची मी अजून माफी मागितलेली नाही.

आता त्या मलमाकडे येऊ. माझ्या पेन्सिलीची सर्वांत जाड खूण तिथेच आहे. तुम्ही लिहिता, "नळीवरची अक्षरे निम्मी पुसली आहेत, शेवटचे 'सोन' एवढेच वाचता येते." बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन ही सारी स्टेरॉईड आहेत, आणि 'सोल'मध्ये संपणारे क्लोबेटासोल तर त्यांतले अतिशय तीव्र. नुसत्या दोन अक्षरांवरून मी पैज लावणार नाही. पण तीन दिवसांत चकाचक होणारा चेहरा, थांबवताच आठवड्यात उलटणारे पुरळ, आणि प्रत्येक फेरीला वाढत जाणारी चुरचुर ही वर्तणूक चेहऱ्यावर लावलेल्या स्टेरॉईडचीच ठेवणीतली वर्तणूक आहे. डाग घालवणारी, रंग उजळवणारी आणि "सर्व त्वचाविकारांवर" म्हणून दिली जाणारी अनेक मिश्र मलमे याच घटकाच्या जोरावर चमत्कार दाखवतात.

स्टेरॉईड त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह दाबून टाकते, म्हणून लाली व सूज दिसेनाशी होते. मुळातला रोग मात्र तिथेच असतो. ते थांबले की त्या रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक रुंदावतात, दाह दुप्पट जोराने उसळतो, आणि माणसाला वाटते की "मलम होते तेव्हा बरे होते". इथेच सवय लागते. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते, नको तिथे लव वाढते, स्टेरॉईडमुळेच नवे मुरूम येतात, आणि डोळ्यांजवळ दीर्घकाळ वापर झाला तर डोळ्यांनाही धोका पोचतो. स्टेरॉईड हे वाईट औषध आहे असे मला म्हणायचे नाही. योग्य रोगावर, योग्य तीव्रतेचे, मोजके दिवस वापरले तर त्याच्यासारखे उपयुक्त औषध विरळा. फक्त नाव पुसलेल्या नळीतून, कारण न कळता, चेहऱ्यावर ते लावायचे नसते.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर असे की ती नळी पुन्हा उघडू नका, आणि फेकूही नका; ती डॉक्टरांना दाखवायची आहे. तुमच्या वापराच्या चार छोट्या फेऱ्या पाहता, ती बंद ठेवा आणि थोडे सोसा, असेच बहुधा ते सांगतील. महिनोन्महिने रोज असे मलम लावत आलेल्या वाचकांनी मात्र ते परस्पर तोडण्याआधी विचारावे, कारण कधी कधी सौम्य औषधावर पायरी-पायरीने उतरावे लागते. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आणखी बिघडलेला दिसेल. ही उसळी अपेक्षित असते. नेमक्या त्याच दिवसांत माणसे घाबरून पुन्हा नळीकडे वळतात, आणि चक्र नव्याने सुरू होते. पुढच्या महिन्यातली तुमची जबाबदारी रोजची आहे, तीन दिवसांची नाही, हेही ध्यानात घ्या. तीन दिवसांचे तेज उसने घेऊन चौथ्या दिवशी ते व्याजासह फेडत लोकांसमोर उभे राहणे तुम्हाला परवडणारे नाही.

पेन्सिलीची आणखी एक खूण बी-१२वर आहे. "मी कोणतेही औषध घेत नाही" असे लिहिणाऱ्या माणसाच्या कपाटात बहुधा तीन-चार डब्या असतातच. जीवनसत्त्वे, केसांसाठीच्या गोळ्या, प्रथिनांची पूड यांना आपण औषध मानत नाही. बी-१२च्या मोठ्या मात्रेनंतर काही जणांना मुरमांसारखे पुरळ येते, ही गोष्ट त्वचारोगतज्ज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बी-१२मुळे त्वचेवरच्या, वर सांगितलेल्या क्युटिबॅक्टेरियम जंतूंच्या वागण्यातच बदल होतो आणि ते दाह वाढवणारी द्रव्ये अधिक बनवू लागतात, असे दिसून आले. तुमची इंजेक्शने आणि गाठी यांची सुरुवात एकाच सुमारास झाली आहे. हा योगायोग असू शकतो. त्यामुळे गोळ्या मनाने बंद करू नका, कारण कमतरता खरी असेल तर ती नसांना इजा करते. तारखा मात्र लिहून काढा. घेण्यास सुरुवात कधी केली, मात्रा किती, पहिली गाठ कधी, हे कागदावर आले की डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते. तोंडावाटे घेतलेली स्टेरॉईड, मनोविकारावरील लिथियम, अपस्मारावरील फेनिटॉईन, क्षयरोगावरील आयसोनियाझिड, आणि जास्त रक्तस्रावासाठी या वयात अनेकींच्या गर्भाशयात बसवले जाणारे लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाचे साधन यांच्यामुळेही मुरूम येऊ शकतात. पुरुष वाचकांनी या यादीत व्यायामशाळेतून मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने धरावीत.

दिवसातून पाच वेळा चेहरा धुण्यामागे एक समजूत आहे. मुरूम म्हणजे अस्वच्छता, असे आपल्याला कोणीतरी लहानपणी सांगितलेले असते आणि ते डोक्यातून जात नाही. मुरमाची गुठळी त्वचेच्या आत असते. तिथे साबण पोचत नाही. वारंवार धुण्याने वरचे संरक्षक आवरण तेवढे निघून जाते, आणि मग जे लावाल ते झोंबते. सौम्य फेसवॉशने सकाळ-संध्याकाळ दोनदा, कोमट पाण्याने, हाताच्या बोटांनी धुणे पुरेसे आहे. घासणी, दाणेदार स्क्रब आणि अल्कोहोलयुक्त टोनर यांना रजा द्या. लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचाही पत्रात उल्लेख आहे, म्हणून सांगते की निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण ५ असतो; हा आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा सामू २च्या आसपास असतो, म्हणजे तो त्वचेपेक्षा जवळजवळ हजारपट आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळी पडू शकते. सोडा याच्या अगदी उलट, अल्कधर्मी. एकामागून एक ही दोन टोके ज्या चेहऱ्याने सोसली, तो चुरचुरतो आहे याचे मला नवल वाटत नाही.

सात प्रसाधनांपैकी पुढचे चार आठवडे तीनच ठेवा: फेसवॉश, बिनसुगंधी हलके मॉइश्चरायझर, आणि किमान एसपीएफ ३० असलेले, रंध्रे न बुजवणारे सनस्क्रीन. सावळ्या व गव्हाळ त्वचेवर मुरूम गेल्यानंतरचे काळे डाग महिनोन्महिने टिकतात आणि ऊन त्यांना गडद करते, म्हणून सनस्क्रीन या तिघांत मला सर्वांत मोलाचे वाटते. नखाने फोडणे, दाबणे बंद. आतून ठणकणारी गाठ दाबल्याने बाहेर काही येत नाही. ती आतल्या आत फुटते, आणि तीन दिवसांची गाठ तीन महिन्यांचा डाग होऊन बसते.

निदान मुरूम असेच झाले, आणि त्वचा शांत झाली, तर औषधे उपलब्ध आहेत आणि ती चांगली आहेत. बेन्झॉईल पेरॉक्साईड २.५ टक्के तीव्रतेचेही जवळजवळ १० टक्क्यांइतकेच काम करते आणि त्रास कमी देते. फक्त उशीच्या खोळीचा आणि टॉवेलचा रंग उडवते. ॲडापलीनसारखी रेटिनॉईड औषधे केसाच्या मुळाशी असलेल्या नळीत अडगळ होऊच देत नाहीत. त्यांचा वाटाण्याएवढा ठिपका साऱ्या चेहऱ्याला पुरतो. कोरड्या चेहऱ्यावर, रात्री, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते आणि पुरळ वाढल्यासारखे वाटते, आणि निम्म्या लोकांचा धीर तिथेच सुटत असावा, असा माझा अंदाज आहे. ॲझेलिक ॲसिड या वयात मला विशेष समंजस वाटते, कारण ते मुरूम, रोझेशिया आणि डाग या तिन्हींवर चालते. नुसते अँटिबायोटिकचे जेल महिनोन्महिने लावत राहणे मात्र टाळावे, कारण जंतू त्याला दाद देईनासे होतात.

जबड्याच्या कडेने येणाऱ्या हट्टी गाठींसाठी डॉक्टर कधी स्पिरोनोलॅक्टोन ही मुळात वेगळ्या कामासाठी असलेली गोळी सुचवतात. ती अँड्रोजेनचा परिणाम अडवते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर झालेली तिची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांनंतर फरक अधिक ठळकपणे दिसला. तुमच्यासाठी यातला महत्त्वाचा भाग आठवड्यांचा आहे. मुरमांचा कोणताही प्रामाणिक उपचार ८ ते १२ आठवड्यांच्या आत आपला गुण दाखवत नाही. आणि एक नाजूक गोष्ट: पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भधारणेची शक्यता संपली, असे नसते. रेटिनॉईड औषधे, विशेषतः तोंडावाटे घेण्याचे आयसोट्रेटिनॉईन, तसेच स्पिरोनोलॅक्टोन घेताना हा विषय डॉक्टरांशी स्पष्टपणे बोलायला हवा, मग वय ४६ का असेना.

खाण्याविषयी तुम्ही तीन परिच्छेद लिहिले आहेत, मी एकच लिहिते. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे खाणे कमी केल्याने मुरूम कमी होतात, असे काही चाचण्यांत दिसले आहे. त्यांतली २००७ सालची बरीच उल्लेखली जाणारी ऑस्ट्रेलियातली चाचणी १५ ते २५ वर्षांच्या ४३ तरुणांवर झालेली होती, शेहेचाळिशीच्या स्त्रियांवर नव्हे. साखर कमी करा, तब्येतीला ते चांगलेच आहे. पण दूध, तेल, गोड, आंबट असे एकेक करत ताटच रिकामे करू नका.

राहिला पुढचा महिना. तोपर्यंत चेहरा पूर्ववत होईल असे आश्वासन मी देणार नाही, आणि जो कोणी देईल त्याच्याकडे संशयाने पाहा. एखादी मोठी, दुखरी गाठ ऐन वेळी उठली, तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात अतिशय विरळ केलेल्या स्टेरॉईडचे छोटे इंजेक्शन देऊन ती दोन-तीन दिवसांत बसवू शकतात. हो, तेच स्टेरॉईड. पण मोजलेले, एका ठिकाणी, जाणत्या हाताने दिलेले. रंध्रे न बुजवणारे, हलके फाउंडेशन लावायलाही हरकत नाही, मात्र तोंडाभोवतीची चुरचुर शमल्यावर, आणि घरी आल्यावर न घासता उतरवून. समोर बसलेली माणसे पहिली दोन मिनिटे तुमची हनुवटी पाहतील कदाचित. मग तुम्ही काय बोलता आहात, याच्यात गुंततील.

घरच्यांच्या "या वयात एवढे काय" या म्हणण्यावर तुम्ही पत्रात बरीच शाई खर्च केली आहे, आणि शेवटी त्यांचेच बरोबर असेल असा कौलही दिला आहे. त्यावर एकच विचारते. गुडघा पाच महिने दुखत असता, घरगुती मलमाने चार वेळा उलटला असता, तर कोणी तुम्हाला "या वयात गुडघ्याचे एवढे काय" असे म्हणाले असते का? त्वचा हाही अवयवच आहे. तो दुखतो आहे, चुरचुरतो आहे आणि चुकीच्या औषधाने बिघडतो आहे. त्याला नटण्यामुरडण्याच्या खात्यात टाकले की उपचार मागायची लाज वाटू लागते, आणि मग माणूस डॉक्टरांऐवजी नणंदेच्या कपाटाकडे वळतो. नणंदेवर रागवू नका, तिने भल्यासाठीच दिले होते. पण तीही ते अजून लावत असेल, तर हे पत्र तिलाही वाचायला द्या.

तर याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. ताप, डोळ्याभोवती सूज, पू भरलेले पुरळ वेगाने पसरणे किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला वेदनेसह पाण्याचे फोड, असे काही झाले तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. एरवी जाताना चेहरा नुसता धुऊन जा, प्रसाधन नको. पाच महिन्यांतले मोबाईलवरचे फोटो तारखांसह काढून ठेवा, कारण त्या दिवशी नेमका चेहरा बरा दिसण्याची खोड पुरळाला असते. पाळीच्या तारखा, बी-१२ची मात्रा, केसांच्या रंगाचे नाव आणि त्या सातही डब्या एका पिशवीत घाला. ती अर्धी पुसलेली नळी सर्वांत वर ठेवा, आणि खुर्चीत बसल्यावर विचारण्याआधीच टेबलावर काढा.

तुमची,
सदरलेखिका